ग्रहण, कात्री आणि बाळाचा ओठ

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्र सुमारे ८२ मिनिटे पृथ्वीच्या गडद छायेत होता. ते खग्रास ग्रहण साऱ्या भारतातून दिसले. अर्थात देशातील प्रत्येक गर्भवती त्या रात्री एकाच ग्रहणाखाली होती. तरीही इथे रायपुरात, छत्तीसगढी घरांत तसेच आपल्या मराठी घरांतही, दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्मले की आईला विचारायचा प्रश्न ठरलेला असतो : ग्रहणात विळी-कात्री हाती घेतली होतीस का?

छाया कोणाचा ओठ कापत नाही, एवढे भौतिकशास्त्र पुरे. मला गर्भविज्ञानाचे उत्तर अधिक निर्णायक वाटते. मुळात येथे काही कापलेच जात नाही. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वाढत येणारे उंचवटे परस्परांशी जुळायचे राहून जातात. ओठाची ही जुळणी गर्भावस्थेच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास आटोपते, टाळूची साधारण नवव्यापर्यंत. सातव्या महिन्यात जिला अंधाऱ्या खोलीत बसवले, तिच्या बाळाचा ओठ केव्हाच घडून गेलेला असतो! कारणे अनेक जनुकांत विखुरलेली आहेत. जोडीला तंबाखू, मद्य, अनियंत्रित मधुमेह, फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे (ती मनाने बंद करू नयेत). पुष्कळदा एकच एक कारण सापडतही नाही. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एक बाळ असे असते. इतक्या मातांना दोषी ठरवणारी ही समजूत निरुपद्रवी म्हणता येत नाही.

शिवाय ती वेळ खाते. ओठ दिसतो, टाळू दिसत नाही. टाळू दुभंगलेले बाळ नीट ओढू शकत नाही, दूध नाकावाटे येते, कानात वारंवार द्रव साचून ऐकू कमी येते. अशा बाळाला उभे धरून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यात, टाळूची वर्ष-दीड वर्षात व्हावी. उशीर झाला की गेंगाणे उच्चार रुळतात आणि मग नुसती शस्त्रक्रिया पुरत नाही, दीर्घकाळ वाचोपचार घ्यावे लागतात.

हे ज्ञान परके नाही. शेजारच्या नागपुरात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या व्यंगाचे जे वर्गीकरण केले, ते 'नागपूर वर्गीकरण' म्हणून ओळखले जाते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे. छत्तीसगढमध्ये तोच 'चिरायु' म्हणून चालतो आणि उपचार मोफत होतात. पुढच्या ग्रहणाला वेधकाळाची चौकट छापणाऱ्या वृत्तपत्रांनी त्याच चौकटीत दोन ओळी घालाव्यात : जन्मताच बाळाची टाळू उजेडात तपासून घ्या, आणि शंका आल्यास अंगणवाडीत 'चिरायु' पथक कधी येते ते विचारा.