गाणं तेच, हात वेगळा

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा कपाटातला एक खण माझ्या साड्यांना मिळाला आणि दोन खण आमच्या ह्यांच्या कॅसेटींना. त्यातल्या निम्म्या बीटल्सच्या. कॉलेजच्या होस्टेलवर लागलेलं वेड, अजून उतरलेलं नाही. शब्द कळोत न कळोत, भाजी चिरता चिरता ती गाणी माझ्याही कानांत जाऊन बसली.

गेल्या दिवाळीत लेक पुण्याहून आला होता. मी चिवड्याचे पोहे चाळत होते, हे पेपरात डोकं घालून बसलेले. लेकाने मोबाइल स्पीकरला जोडला आणि काहीतरी लावलं. आधी ओळखूच आलं नाही. मग एकदम लक्षात आलं, अरे, हे तर ह्यांच्या कॅसेटमधलंच गाणं! पण गिटार भलतीकडेच निघालेली, मध्येच ट्रम्पेट, मागे व्हायोलिनचा ताफा. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"कोणी केलं रे हे? चांगल्या गाण्याची पार वाट लावली!"

"वाट लावली नाही बाबा, वाट बदलली."

झालं! बापलेकांची जुंपली ती चिवडा परतून होईपर्यंत. मी मध्ये पडले नाही. कारण ते ऐकताना मला आमच्या मंडळातली एक मुलगी आठवत होती. तिच्याबद्दल सांगणारच आहे, पण आधी या गाण्यांबद्दल. लेकाला विचारून, इथून तिथून वाचून मी बरीच माहिती जमवली. बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे सनावळ्यांची खोड जुनीच.

बीटल्स म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या चार पोरांचा रॉक बँड. त्यांचा 'ॲबी रोड' हा अल्बम सप्टेंबर १९६९ मध्ये निघाला. चौघं एकामागोमाग एक रस्ता ओलांडताहेत, असं त्याचं मुखपृष्ठ. चाहत्यांना असा अल्बम अथपासून इतिपर्यंत पाठ असतो. आपल्या 'गीतरामायणा'सारखं समजा ना. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं, हे मनाला आधीच ठाऊक. त्यातला प्रत्येक सूर, प्रत्येक ठोका त्याच जागी हवा.

आणि हा अल्बम दुकानात येऊन महिना होतो न होतो, तोच अमेरिकेत जॉर्ज बेन्सन नावाचा सव्वीस वर्षांचा कृष्णवर्णीय गिटारवादक स्टुडिओत जाऊन तीच गाणी जाझच्या अंगाने वाजवू लागला. साथीला फ्रेडी हबर्ड, हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर असे कसलेले वादक. गाण्यांचा क्रम त्याने आपल्या मनाने लावला, काही गाणी एकमेकांत गुंफली, काही स्वतः गायली. १९७० मध्ये निघालेल्या या अल्बमचं नाव 'दि अदर साइड ऑफ ॲबी रोड', म्हणजे ॲबी रोडची दुसरी बाजू. मुखपृष्ठावर गिटार घेऊन रस्ता ओलांडणारा बेन्सन. रस्ता मात्र लंडनचा नव्हे, न्यूयॉर्कचा.

जाझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. त्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. मूळ चाल एकदा सरळ वाजवायची. मग एकेकाने पुढे यायचं आणि त्या चालीच्या आधाराने मनात येईल ते तिथल्या तिथे वाजवायचं. बाकीच्यांनी खाली स्वरांची बैठक धरून ठेवायची. शेवटी सगळ्यांनी मिळून मूळ चालीवर परत यायचं. आपला गवई नाही का बंदिशीचा मुखडा धरतो, आलाप-तानांत हिंडून येतो आणि समेवर बरोब्बर उतरतो? आपल्याकडे राग असतो, त्यांच्याकडे स्वरांच्या जुडग्यांचा ठरलेला क्रम. इतकाच काय तो मोठा फरक.

दुसऱ्याचं गाणं घेणं हेही जाझवाल्यांना नवं नाही. 'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमा आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. त्यातलं आवडत्या गोष्टींची यादी सांगणारं गाणं आठवतं? ते मूळचं १९५९ च्या नाटकातलं. सिनेमा आला १९६५ मध्ये. त्याच्याही चार वर्षं आधी, १९६१ मध्ये निघालेल्या अल्बमवर, जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने ते गाणं घेऊन तेरा मिनिटांहून जास्त वाजवलं. मुलांना रमवणारं गोड गाणं त्याच्या हातात आल्यावर तंद्री लावणारं झालं. मूळ गाणं त्यामुळे पुसलं गेलं का? मुळीच नाही. उलट दोन्ही आजवर ऐकली जाताहेत.

तरीही नाकं मुरडणारे होतेच. बेन्सनच्या आधी, १९६७ मध्ये, वेस माँटगोमेरी या गिटारवादकाने बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ'चं जाझ रूप केलं आणि अल्बमलाही तेच नाव दिलं. या माणसाच्या घरी मोठा खटला, पोटाला लागणारी नोकरी दिवसा आणि वाजवणं रात्री. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून तो पट्टी टाकून नुसत्या अंगठ्याने तारा छेडायला शिकला आणि तोच हळुवार नाद पुढे त्याची ओळख झाला, असं सांगतात. हे वाचून मला फार आपलंसं वाटलं. सगळी निजल्यावर स्वतःसाठी काहीतरी करणाऱ्या बाया आपण किती पाहिल्यात! तर त्याचा हा अल्बम भरपूर खपला आणि जाझच्या कट्टर मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या. हे बाजारू झालं म्हणाले. म्हणजे बघा, रॉकवाले म्हणणार आमचं गाणं बिघडवलं, जाझवाले म्हणणार आमची कला विकली. मधला माणूस दोन्हीकडून बोलणी खाणार.

आता ह्यांच्या "मूळ गाण्या"कडे येऊ. 'ॲबी रोड'मधलं पहिलंच गाणं 'कम टुगेदर'. ते जॉन लेननने रचलं, पण त्यात चक बेरी या कृष्णवर्णीय गायकाच्या १९५६ च्या गाण्याची छाया आहे, म्हणून त्या गाण्याचे हक्क असलेल्या प्रकाशकाने दावा ठोकला. १९७३ मध्ये तडजोड झाली. रॉक संगीत उभं राहिलं तेच मुळी काळ्यांच्या ब्लूज आणि रिदम अँड ब्लूजच्या जोत्यावर. त्यामुळे बेन्सनने 'कम टुगेदर' हातात घेतलं, तेव्हा त्याने परक्याचं उचललं की आपल्याच आळीतली वस्तू फिरून घरी आणली? मी हे ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागितला!

घेण्याला माझी हरकत नाहीच. घेताना नाव सांगावं, एवढंच. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. १९६६ मध्ये त्याने पंडित रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतले आणि त्यांना जन्मभर उघडपणे गुरू मानलं. जानेवारी १९६८ मध्ये तो आपल्या मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केलं. बेन्सननेही तेच केलं. कोणाचं गाणं घेतलंय हे त्याने नावातच सांगून टाकलं आणि वर स्वतःचं नावही ठसठशीत लावलं. मूळ माणसाचा मान राहिला आणि आपला हातही लपवला नाही. मला हे दोन्ही सारखंच महत्त्वाचं वाटतं.

याच हॅरिसनने 'हिअर कम्स द सन' हे कोवळ्या उन्हाचं गाणं रचलं. तेही 'ॲबी रोड'मधलंच. ते पुढे नीना सिमोन या कृष्णवर्णीय गायिकेने गायलं आणि १९७१ च्या तिच्या अल्बमला त्याचंच नाव दिलं. नीनाला खरं तर शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने प्रवेश नाकारला. आपल्या कातडीच्या रंगामुळेच नाकारला, असं तिला कायम वाटत राहिलं. मग पोटासाठी बारमध्ये पियानो वाजवता वाजवता ती गायला लागली. त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली ती २००३ मध्ये, तिचा मृत्यू अगदी तोंडावर आला असताना. मूळ गाण्यात थंडी सरल्याचा आनंद आहे. नीनाच्या गळ्यातून ते ऐकताना वाटतं, हिची थंडी जरा जास्तच लांबली होती. शब्द तेच, चालही जवळपास तीच. मग वेगळं काय झालं? बाई वेगळी, तिचं आयुष्य वेगळं.

बरं, असं बदललेलं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. प्रसिद्ध रॉक गाण्यांची गुळगुळीत जाझ रूपं मोठ्या हॉटेलांत, मॉलमध्ये वाजत असतात. कोणी ऐकावं म्हणून नव्हे, शांतता खायला उठू नये म्हणून. त्यात वाजवणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. याउलट गिल इव्हान्सचं उदाहरण घ्या. जिमी हेंड्रिक्स हा रॉकमधला अचाट गिटारवादक. इव्हान्स आणि तो मिळून काम करण्याचं घाटत होतं, पण सप्टेंबर १९७० मध्ये हेंड्रिक्स गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. इव्हान्सने १९७४ मध्ये आपला सगळा वाद्यवृंद घेऊन त्याच्या गाण्यांचा अल्बम काढलाच. 'व्हूडू चाइल' हे हेंड्रिक्सच्या गिटारीचं गाणं, ते इथे ट्यूबावर येतं. ट्यूबा म्हणजे बँडमधलं ते भलंमोठं पितळी वाद्य. गेलेल्या माणसाची हुबेहूब नक्कल करून इव्हान्सला काय मिळालं असतं? त्याने आपल्या परीने आठवण जागवली.

यात एक गोष्ट मात्र मला खटकते. कायद्याने गाण्याचं मानधन मूळ रचनाकाराला मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण त्याच गाण्यावर जाझचा वादक जे नवं तिथल्या तिथे रचतो, त्याला रचनाकार म्हणून सहसा काही मिळत नाही. त्याला वाजवण्याचे पैसे, बस्स. मैत्रिणींनो, हा हिशेब तुम्हाला ओळखीचा वाटतो ना? सासूबाईंची म्हणून ओळखली जाणारी आमटी सुनेच्या हातून वीस वर्षांत किती बदललेली असते! नाव मात्र सासूबाईंचंच.

आता त्या मुलीबद्दल. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या मंडळाची मंगळागौर होती. स्टेजवर खेळ करायचे म्हणून तालीम चालली होती. नव्यानेच गावात आलेल्या एका सुनेने फुगडीचं एक जुनं गाणं संथ करून म्हटलं. ठेका अर्ध्यावर आणला, मध्ये स्वतःच्या दोन आलापी घातल्या. ते खेळाचं गाणं एकाएकी माहेराची आठवण काढायला लागलं. एक-दोघींचे डोळे भरले, माझेही. पण ज्येष्ठ बायका कुजबुजल्या, "हे काय भलतंच?" मी मंडळाची अध्यक्ष. वाद नको म्हणून सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "अगं, जसं आहे तसंच म्हण बाई."

तिने तसंच म्हटलं. कुठेही चुकली नाही. गेल्या वर्षी मात्र ती तालमीला आली नाही. "घरी पाहुणे आहेत काकू," म्हणाली. मला कळायचं ते कळलं.

दिवाळीत ह्यांच्यावर मनातल्या मनात हसले खरी, पण "वाट लावली" म्हणणाऱ्यांत मीही होतेच की! आणि त्या फुगडीच्या गाण्याला कुठे रचनाकार होता, कुठला प्रकाशक होता? ते कितीतरी बायकांनी जात्यावर, अंगणात, माजघरात आपापल्या हाताने बदलत बदलतच आपल्यापर्यंत पोचवलं. त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. हिचं तरी माहीत होतं, आणि मी तिला गप्प केलं.

म्हणून आपल्या सगळ्याजणींना सांगणं आहे, माझ्यासकट. जुनं जपायचं तर ते कोणाच्या तरी हातात द्यावं लागतं, आणि हात म्हटला की वळण बदलणारच. मूळ कोणाचं हे तिला जरूर सांगायला लावा. पण बदल तिचा असेल, तर तिचं नावही माइकवरून पुकारा.

परवा मी तिच्या घरी जाऊन आले. सरळ माफी मागितली. ती बावरली, चहाला उठली. निघताना म्हटलं, "यंदा तुझ्या पद्धतीने म्हणशील का?" ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण मी चपला घालत असताना आतून गुणगुणणं ऐकू आलं. ठेका संथच होता.