जुनी गाडी घेताना

दीड-दोन लाखांत घरच्यांसाठी जुनी गाडी घ्यायची असेल, तर मी तरी थाटाची डिझेल सेडान सोडून साधी पेट्रोलवरची वॅगन-आर बघायला सांगेन. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक तिला बिनधास्त हात लावतो. बघायला सकाळीच जा आणि मालकाला आधी बजावून ठेवा, गाडी चालू करून ठेवू नका. तापलेलं इंजिन बरेच दोष झाकतं. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला, तर ऑइल जळतंय समजा. नवा रंग, सीट कव्हर यांवर भाळू नका. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून चकाचक केली, तरी एरवी गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग राहून जातो. असा डाग दिसला की भाव कितीही उतरू दे, सरळ घरी या. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असू शकतो, तो आधी उतरवून घ्या. थकलेली ई-चलनंही तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त वाटते खरी, पण फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च लगेच तुमच्याच माथी येतो. आणि पूर्ण पैसे देण्याआधी गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर मालकाची सही घ्याच, तो कितीही ‘नंतर बघू’ म्हणाला तरी.