डोळे तपासले, झोप कोण तपासणार?

मीरा रोडच्या पूनम सागरपासून काशिमीरा नाका फार दूर नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून तिथे रात्रभर ट्रक जात असतात. नोकरी सुटली किंवा दुकान चालेनासे झाले की चाळिशी-पंचेचाळिशीतला माणूसही या धंद्याचा विचार करतो. कारचा परवाना वर्षभर जुना असला की मालवाहू गाडीच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येतो. या वयात नवे काम शिकण्यात गैर काही नाही. मात्र त्याच्या झोपेकडे कोणी पाहत नाही, हे धोक्याचे आहे.

परवान्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यात नजर, रंगओळख, श्रवण, हातापायांतले व्यंग पाहिले जाते. घोरण्याबद्दल विचारले जात नाही. वय आणि वजन वाढते तसे स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण वाढते. या विकारात झोपेत घशातला श्वासमार्ग वारंवार बंद होतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. सकाळी माणसाला यातले काही आठवत नाही. आठ तास झोपूनही तो थकलेलाच उठतो. असा चालक स्टिअरिंगवर तीन सेकंद डुलकला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक ५० मीटर पुढे गेलेला असतो.

विकार नसला तरी जागरण आहेच. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हात-नजरेचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा बिघडतो, असे डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवले. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. प्यायलेला चालक नाक्यावर फुंकर मारताच सापडतो, जागलेला सहज पुढे जातो.

मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ मध्येच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेले छोटे मालक त्यातून सुटले. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. उकाड्याचा विचार झाला, तसा झोपेचाही व्हायला हवा.

त्यासाठी फार खर्च नाही. दिवसा किती पेंग येते हे विचारणारी एपवर्थ प्रश्नावली आठच प्रश्नांची आहे. २४ पैकी १० च्या वर गुण आले, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. परवाना जाईल या भीतीने माणूस खोटे सांगेल, ही शंका रास्त आहे. म्हणून डॉक्टरांनी गळ्याचा घेर, वजन आणि रक्तदाबही मोजावा. उपचार घेणाऱ्याचा परवाना रोखला जाणार नाही, असे नियमातच लिहावे. कारण श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र रात्री वापरले की बहुतेकांची दिवसाची पेंग कमी होते. शिवाय पहिले वर्षभर नवशिक्याला पहाटे दोन ते पाच एकट्याने गाडी चालवायला देऊ नये.

नियम बदलेपर्यंत घरच्यांनी एवढे करावे: तो घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, तर हेवी लायसन्सच्या अर्जाआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.