बुद्धिबळाला बुद्धी लागते का?

परवा जेवताना पुन्हा तोच वाद निघाला. काका म्हणाले, "कॉम्प्युटर खेळतो ते बुद्धिबळच नव्हे. नुसती आकडेमोड! खरं खेळायला माणसासारखीच बुद्धी हवी." तिथे गप्प बसलो, इथे बसणार नाही. काका, वाचताय ना?

१९९७ साली डीप ब्लूने कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र ते. लोक म्हणाले, ही तर ढोरमेहनत, यात अक्कल कुठे? बरं. पण अक्कलवाला प्रयोगही झाला होताच की! मिखाईल बोत्विनिक स्वतः विश्वविजेता, वर इंजिनिअर. माणसासारख्या मोजक्याच चाली बघणारा प्रोग्राम घडवण्यात त्याने अनेक वर्षं घातली. त्यातून तगडा खेळाडू काही निघाला नाही. जिंकली ती ढोरमेहनतच.

काका म्हणतील, २०१७ च्या आल्फाझीरोचं काय? तो सेकंदाला फक्त ८० हजार स्थिती बघायचा, स्टॉकफिश ७ कोटी. तरी १०० डावांत २८ जिंकला, ७२ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. आली ना माणसासारखी जाण? अहो, नियम तेवढे घेऊन स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून शिकणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आणि सेकंदाला ८० हजार म्हणजे काय थोड्या झाल्या?

मिक्सरला मनगट नसतं, तरी चटणी वाटली जाते. पाट्यावरची चव येत नाही म्हणाल, तर मान्य. पण पटावर चव मोजत नाहीत, मात मोजतात.

खरं दुखणं वेगळं आहे. मनाशिवाय जिंकता येत असेल, तर आपण आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते काय होतं? हा प्रश्न मलाही टोचतो. पण त्याचं उत्तर यंत्राला नावं ठेवून मिळणार नाही.

मी लहान असताना काकांनी सांगितलं होतं, "वजीर एवढ्यात बाहेर काढू नकोस, सगळे त्याच्या मागे लागतील." स्टॉकफिश त्याच चालीपुढे उणे दीड असा आकडा दाखवतो. आकडा अचूक, पण आठ वर्षांच्या पोराला त्यातून काय कळणार? समोरच्याला काय कळत नाहीये हे ओळखायला माणसासारखी बुद्धी लागते. जिंकायला नाही लागत, शिकवायला लागते.

तेव्हा काका, जो गड १९९७ लाच पडला तो लढवू नका. तुमचा गड दुसरा आहे, आणि तो शाबूत आहे.

असो. रविवारी पट मांडून ठेवा, येतोय.