एका कातारी मास्तराची कैफियत

दिवाळी अंकात भांडण घेऊन येऊ नये, असा शिष्टाचार आहे. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायचा अंक. त्यात काही खुसखुशीत, काही गोड असावे, ही वाचकाची अपेक्षा मुळीच चुकीची नाही. तरीही मी आज भांडणार आहे. ज्यांच्याशी भांडायचे त्यांत मी स्वतःही येतो, हे पहिल्यानेच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी ‘मास्तर, आधी आपल्या पायाखाली बघा’ असे म्हणायला नको.

मी धाराशिव जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. आयुष्यभर गणित आणि मराठी शिकवले. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून एक लहानसा लेथ घेतला आणि लाकडी पेने कातू लागलो. घरच्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग शेजाऱ्यांनी. पण मनुष्य साठीच्या पुढे गेला की त्याच्या वेडाला ‘छंद’ म्हणतात, आणि छंदाला सगळे माफ असते.

लाकूड मला विकत घ्यावे लागले नाही. उमरगा तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित माळवद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडले. गणेशविसर्जन करून दमून झोपलेली गावेच्या गावे त्या पहाटे भूकंपाने गाडली गेली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. आमच्या दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि माझी थोरली आत्या त्यांच्याखाली गेली. सागवानी खांब आणि तुळया मात्र शाबूत निघाल्या. पुढे नवी वसाहत झाली, सिमेंटची घरे मिळाली, आणि त्या तुळया परसात पडून राहिल्या. लग्नकार्यात चुलाण पेटवायला त्यातली एकेक जात होती. उरलेली एक मी लेथवर आणली. इतकी वर्षे वाळलेले लाकूड. मे महिन्याच्या उन्हाने आकसत नाही की मृगाच्या दमट हवेने फुगत नाही. फक्त त्यात जुने खिळे दडलेले असतात, आणि ते पटाशीच्या धारेलाच सापडतात.

पेन कसे होते, ते थोडक्यात सांगतो. वीतभर लांबीचा चौकोनी ठोकळा घ्यायचा. त्याचे दोन तुकडे करून मधोमध सात मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि आत पितळी नळी डिंकाने बसवायची. सागाच्या अंगी तेल असते. आधी स्पिरिटने पुसले नाही तर डिंक धरत नाही. मग नळीसकट तो तुकडा लोखंडी दांडीवर ओवून लेथवर चढवायचा आणि गोल पटाशीने उतरवत आणायचा. शेवटी काचकागद, शेवटी लाख. इथवर कोणीही धीराचा माणूस महिन्याभरात येतो.

खरी परीक्षा मधल्या कड्याची. बाजारच्या पेनात वरचा आणि खालचा भाग जिथे भेटतो तिथे पिवळ्या धातूची एक पट्टी असते. मी तिथे लाकडाचेच कडे बसवतो : एक तुकडा काळ्या शिसवाचा, एक पिवळ्या हळदूचा, असे आळीपाळीने बारा. पिंपाच्या फळ्या असतात तशा बारा बारीक पट्ट्या तासायच्या, गोल जुळवून चिकटवायच्या, मधून भोक पाडायचे आणि मग काकडीच्या चकत्या कराव्या तशी त्याची कडी कापायची. हिशेब सोपा. तीनशे साठाला बाराने भागले की तीस. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे, म्हणजे पंधरा पंधरा अंश. हा हिशेब मी फळ्यावर किती वर्षे करून दाखवला असेन! पण फळ्यावरचा पंधरा आणि करवतीचा पंधरा यांची गाठ माझ्या आयुष्यात कधी पडली नव्हती. करवत अर्धा अंश चुकली, तर डोळ्याला काही दिसत नाही. पण बारा पट्ट्यांच्या चोवीस बाजू. चोवीस वेळा अर्धा, म्हणजे बारा अंश. शेवटची पट्टी बसवायला जावे तो तिथे फट. माझी पहिली नऊ कडी अशी फाटक्या तोंडाची निघाली.

दहावे मिटले, ते माझ्या हातून नव्हे. आमच्या आळीतल्या सुताराचा मुलगा शाळा सुटली की माझ्याकडे येऊन उभा राही. भूमितीत पस्तीस गुणांवर अडखळणारे पोर. चार दिवस त्याने माझी फजिती पाहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाला, “गुर्जी, समदे एकदम कशापायी जोडता? सहा-सहाचे दोन अर्धे करा. फट पडली तर त्या अर्ध्याच्या तोंडाला पडंल. सपाट फरशीवर काचकागद ठेवून तोंड घासा, मग दोन अर्धे एकाला एक चिकटवा.” चूक टाळता येत नसेल तर ती एका जागी गोळा करावी आणि तिथे घासून काढावी, ही युक्ती जगभरचे कातारी वापरतात, हे मला नंतर कळले. त्या पोराने ती कुठे वाचली नव्हती. कड्याला काचकागद फार लावू नये, शिसवाची काळी पूड हळदूच्या अंगात शिरून सगळे मळकट होते, धारदार पटाशीनेच अंग साफ काढावे, हेही त्याचेच शिकवणे.

त्या कड्याचे पेन मी जवळच्या शहरातल्या एका सभेत दाखवले. टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळाले आणि मखमली डबीत घातलेले सोनेरी मुलाम्याचे एक यंत्रातले पेनही मिळाले! लाकडी पेन कातणाऱ्याचा सत्कार असल्या पेनाने करताना कोणालाच काही विपरीत वाटले नाही. तो मुलगा शेवटच्या रांगेत उभा होता. वक्ते म्हणाले, ‘गुरुजींच्या हातात कला आहे.’ मी हात जोडले आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मी सुताराकडे गेलो. म्हटले, पोराचा हात चांगला आहे, त्याला या कामात राहू द्या. सुतार रंधा खाली ठेवून म्हणाला, “गुर्जी, तुमचं काय हाय, तुम्ही पेन केला तर लोक म्हणतेत गुर्जीला कला हाय. माझ्या लेकरानं केला तर म्हणतेत, सुताराचंच पोर, दुसरं काय करणार? त्याला आमच्या वाटंला नका लावू.”

वाचकहो, माझे सगळे भांडण या दोन वाक्यांत आहे. एकच लाकूड, एकच पटाशी, एकच कडे. माझ्या हातात ते असले की कला, आणि त्याच्या हातात असले की जात. हे कोणी ठरवले? कोणा परक्या सरकारने नव्हे. तुम्ही-आम्ही ठरवले आहे. आणि ज्यांच्या हाती खडू आणि लेखणी आहे, त्या माझ्यासारख्यांनी तर अधिकच.

गंमत अशी की हे आमच्या जुन्या शहाणपणातही बसत नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यात नुसते सुंदर अक्षर सांगून ते थांबले नाहीत. बोरू, शाई, तासायची हत्यारे यांचाही विचार केला. लिहिणाऱ्याला आपली लेखणी तासता आली पाहिजे, हे त्यांना गृहीतच होते. आमच्या लहानपणीही कित्ता गिरवण्याआधी गुरुजी बोरूला तिरका काप देत, आणि तो काप आपल्याला साधला की चौथीतल्या पोराला आभाळ ठेंगणे होई.

आणि आमच्या जिल्ह्याने तर तोंड वर करून बोलावे, असा इतिहास आहे. तेर हे आमचे गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ म्हणून त्याची नोंद आहे, आणि इथला माल भडोचच्या बंदराकडे जाई. तिथे हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेतून निघाली. त्याच तेरमध्ये गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरा सांगते की संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे हे पाहायला गोरोबांनी हातात थापटणे घेतले, आणि प्रत्यक्ष नामदेव कच्चे ठरले. ज्या मातीत ज्ञानाची परीक्षा कुंभाराच्या हत्याराने झाली, त्याच मातीत आज सुताराला आपल्या पोराच्या हातातल्या हत्याराची लाज वाटते. गोरोबांच्या यात्रेला आपण जातो. थापटणे मात्र देवळाबाहेर ठेवून.

आता शाळेचे सांगतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असा आग्रह धरला. त्याचे आपण काय केले? कार्यानुभव नावाचा तास केला. त्या तासाला मुले बाजारातून आणलेली क्रेपची फुले वहीत चिकटवतात, मास्तर शेरा मारतात, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. तो घेणारा गणिताचा मास्तर मीच होतो. मी नोकरी केलेल्या एका शाळेत एक लेथ होता. कोणे एके काळी कोणा उत्साही माणसाने मिळवलेला. त्यावर पोते टाकून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले होते. मी बारा वर्षे त्या खोलीत गठ्ठे ठेवले आणि उचलले. पोते एकदाही उचलले नाही.

माझ्यावर तीन आक्षेप येतील, ते मला पाठ आहेत.

पहिला : दहा रुपयांचे पेन असताना हा खटाटोप कशाला? अगदी खरे. माझ्या एका पेनाला दीड दिवस लागतो, आणि आतली कांडी तीच बाजारची. अक्षर काही अधिक वळणदार येत नाही. प्रत्येकाने लाकडी पेन वापरावे असे मी म्हणतच नाही. परंतु दीडशे रुपयांची मिठाईची पेटी देताना जो घासाघीस करीत नाही, तो कारागिराच्या दारात ‘लाकडाचेच तर आहे’ म्हणतो, तेव्हा तो लाकडाची किंमत करीत नसून दीड दिवसाची करतो. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी हाताच्या लेथवर फाउंटन पेने कातली, तेव्हा गांधीजींनी १९३५ साली पत्र लिहून ते पेन आवडल्याचे कळवले. त्या पत्रामागे पेनाची गरज नव्हती. स्वदेशी हाताचा मान होता.

दुसरा : झाडे तोडणार का? एका पेनाला वीतभर लाकूड पुरते. बांधावरच्या बाभळीची वाऱ्याने पडलेली एक फांदी माझा महिना काढते. चुलीत गेलेल्या तुळयांबद्दल ज्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, त्यांना माझ्या लेथखालचा भुसा डोळ्यांत खुपावा, हे नवल आहे.

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. मुलांनी पुन्हा बापाच्याच धंद्यात अडकावे काय? गावगाड्याच्या बलुत्यात पिढ्यान्‌पिढ्या पिचलेल्यांनी हा प्रश्न विचारला तर मी मान खाली घालतो. सुताराच्या पोराने डॉक्टर व्हावे, कलेक्टर व्हावे. त्याला कोणी अडवू नये. पण म्हणूनच माझी मागणी उलटी आहे. सुताराच्या पोराला पटाशी धरून ठेवायला सांगू नका. वकिलाच्या, मास्तरच्या, दुकानदाराच्या पोराला ती धरायला लावा. ज्या दिवशी वर्गातल्या चाळीसही मुलांच्या बोटांना लाकडाचा भुसा लागेल, त्या दिवशी सुताराचे पोर हात लपवणार नाही. तोवर ‘श्रमप्रतिष्ठा’ हा निबंधाचा विषय राहील आणि त्यावर पहिला नंबर त्याचाच येईल ज्याने कधी खिळा ठोकला नाही.

तेव्हा या दिवाळीत माझे मागणे मोठे नाही. लक्ष्मीपूजनाला वह्या पूजाल, वहीवर लेखणी ठेवाल, तिला हळदकुंकू वाहाल. ती लेखणी कोणी घडवली, एवढे मुलांना विचारा. सुट्टीतले चार दिवस मुलाला, आणि मुलीलाही, गावातल्या सुताराच्या, लोहाराच्या, कुंभाराच्या दुकानात बसवा. फुकट नव्हे, शिकवणीला देता तशी फी द्या, आणि जाताना मुलाला त्या माणसाच्या पाया पडायला सांगा, जसे माझ्या पाया पडायला सांगत होता. तुमच्या शाळेत एखाद्या यंत्रावर पोते पडलेले असेल तर ते पालक म्हणून उचलायला लावा. मास्तर आपणहून उचलणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तो मुलगा आता पुण्यात एका इमारतीच्या फाटकावर रात्रपाळी करतो. दिवाळीला येईल, असे त्याचा बाप म्हणतो. त्या सभेतले पेन माझ्या टेबलावर आहे. ही कैफियत त्याच पेनाने लिहिली. त्याच्या मधले बारा तुकड्यांचे कडे मी केलेले नाही. ते त्या मुलाने जोडले होते, हे मी त्या दिवशी उभा राहून सांगायला हवे होते. आज इथे सांगतो. आणि तो आला की पेन त्याचे त्याला नेऊन देणार आहे.