विमानाचे तिकीट आणि प्रवाशाची बिनव्याजी उधारी

'गो फर्स्ट' या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा मार्ग पत्करल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवसापासून तिची उड्डाणे थांबली. ही स्थगिती तीन दिवसांची आहे, असे आरंभी सांगण्यात आले. तीन दिवसांचे आठवडे झाले, आठवड्यांचे महिने झाले आणि अखेर २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. विमाने थांबली तो काळ शाळा-महाविद्यालयांच्या सुटीचा होता. वर्षभर पैसा साठवून सहकुटुंब प्रवासाला निघणाऱ्या नोकरदार वर्गाने तिकिटे महिने-दोन महिने आधीच काढून ठेवलेली होती. त्या तिकिटांचे पैसे कंपनीच्या तिजोरीत केव्हाच जमा झाले होते. विमान मात्र धावपट्टीवरच राहिले.

हा प्रसंग अपवादात्मक असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ऑक्टोबर २०१२ मध्ये 'किंगफिशर' बंद पडली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री 'जेट एअरवेज'चे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईस आले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललेली ती कंपनी थांबली. तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न फसून सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तिच्याही अवसायनाचा आदेश दिला. म्हणजे साधारण अकरा वर्षांच्या काळात तीन मोठ्या कंपन्या बुडाल्या. धंदा म्हटला की बुडणे आलेच, हे मान्य केले तरी या बुडीताचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न उरतोच.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील मध्यमवर्गासाठी हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. एके काळी विमान हे वरिष्ठ अधिकारी आणि धनिक यांचे वाहन होते. आज बंगळुरूस नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाणारे निवृत्त शिक्षक, रजा प्रवास सवलतीवर निघालेले लिपिक, मुलाखतीसाठी दिल्ली गाठणारा विद्यार्थी हे सारे विमानाचे प्रवासी आहेत. २०२४ या वर्षात देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यामुळे या परिसरातील रहिवाशाला विमान अधिकच जवळ आले आहे. ग्राहक बदलला, तरी व्यवहाराच्या अटी मात्र जुन्याच राहिल्या.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, आगाऊ काढलेले तिकीट म्हणजे प्रवाशाने विमान कंपनीस दिलेले बिनव्याजी व बिनतारणी कर्ज होय. बँक कर्ज देताना तारण मागते. विमान भाड्याने देणारी कंपनी विमानावरची मालकी सोडत नाही. तेल कंपन्या उधारीची मुदत ओलांडली की पुरवठा रोखतात. या सर्वांकडे माहिती असते, वकील असतात आणि हात आखडता घेण्याची सोय असते. एकटा प्रवासीच असा धनको आहे की, ज्याला आपण धनको आहोत याची जाणीवही नसते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार एकदा प्रकरण न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले की कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती मिळते. पुढे अवसायन झालेच तर ५३ व्या कलमातील क्रमानुसार प्रक्रियेचा खर्च, कामगारांची देणी, तारण घेतलेले धनको, कर्मचारी, बिनतारणी वित्तीय धनको, सरकारी देणी असे सर्वजण आधी उभे असतात. प्रवाशाचा क्रमांक त्यांच्यानंतर लागतो. पंगत उठल्यावर जे पातेल्यात उरेल, ते त्याचे.

या पार्श्वभूमीवर तिकिटाच्या अखेरच्या पायरीवर प्रकट होणाऱ्या 'सुविधा शुल्का'कडे पाहिले पाहिजे. भाडे एक दाखवले जाते आणि पैसे भरण्याची वेळ येताच त्यात हे शुल्क मिसळते. कार्डाने पैसे स्वीकारण्यास बँकांना मोबदला द्यावा लागतो, असे त्याचे समर्थन केले जाते. हे समर्थन तपासून पाहण्याजोगे आहे. रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने मोठ्या व्यापाऱ्यांसाठी डेबिट कार्डावरील या मोबदल्याची कमाल मर्यादा ०.९० टक्के आणि एका व्यवहारामागे १००० रुपये अशी ठरवली आणि हा भार ग्राहकावर टाकला जाणार नाही याची दक्षता घेण्यास बँकांना सांगितले. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील हा मोबदला शून्य करण्यात आला. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा घालण्यात आली नाही. तेव्हा खर्च आहे तो मुख्यतः क्रेडिट कार्डाचा, आणि तो एका व्यवहाराचा आहे. विमान कंपन्यांत मात्र हे शुल्क दर प्रवाशामागे आणि दर फेरीमागे आकारण्याची पद्धत रुळली. चौघांच्या कुटुंबाने जाण्या-येण्याचे तिकीट एकदाच कार्ड वापरून काढले, तर व्यवहार एक आणि शुल्के आठ! खर्चाच्या वसुलीचे गणित असे नसते. भाडे स्वस्त दिसावे म्हणून भाड्याचाच एक तुकडा कापून वेगळ्या नावाने वसूल करण्याची ही रीत आहे.

हा प्रश्न विमानापुरताही मर्यादित नाही. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावरील सेवाशुल्क नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये मागे घेण्यात आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून सुविधा शुल्काच्या नावाने परत आले : बिगर वातानुकूलित वर्गासाठी १५ रुपये, वातानुकूलित वर्गासाठी ३० रुपये, यूपीआयने पैसे भरल्यास अनुक्रमे १० आणि २०, शिवाय कर निराळा. तेथे निदान दर जाहीर आहे, पूर्ण तिकिटाला एकदाच लागतो आणि पैसे भरण्याच्या स्वस्त मार्गाचा लाभ प्रवाशाला मिळतो. चित्रपटाच्या तिकिटांबाबत महाराष्ट्र शासनाने २०१३ व २०१४ च्या आदेशांनी असे शुल्क घेण्यास मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द ठरवले. अशा मनाईला कायद्याचा आधार नाही आणि घरबसल्या तिकीट नको असेल त्याला चित्रपटगृहाच्या खिडकीवर जाण्याचा मार्ग मोकळा आहे, अशी त्यामागील विचारसरणी होती. ती चित्रपटाला लागू पडते, कारण डोंबिवलीच्या प्रेक्षकाला खिडकी पायी गाठता येते. विमानाच्या तिकिटासाठी त्याने विमानतळावर जाऊन यावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. जेथे दुसरा व्यवहार्य मार्गच नाही, तेथे एकमेव मार्गाला 'सुविधा' म्हणणे हे भाषेचे औदार्य झाले.

तथापि शुल्क किती, यापेक्षा त्या शुल्काच्या मोबदल्यात प्रवाशाला काय मिळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ब्रिटनचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ऑगस्ट १९७४ मध्ये 'कोर्ट लाइन' हा प्रवासी उद्योग बुडाला आणि हजारो पर्यटक परदेशात अडकले. पुढच्याच वर्षी तेथे कायद्याने राखीव निधी उभारण्यात आला. सहलींच्या संरक्षणाची ही योजना टिकून राहिली आणि पुढे दर प्रवाशामागे अडीच पौंड अशी तिची वर्गणी ठरली. १९७४ च्याच ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाने आणखी एक संरक्षण दिले : शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीची वस्तू वा सेवा क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर कार्ड देणारी संस्थाही त्याच्याइतकीच जबाबदार धरली जाते. जानेवारी २०१८ पासून वैयक्तिक कार्डांवर अधिभार घेण्यास तेथे बंदीही आली. म्हणजे संरक्षण आहे आणि अधिभार नाही. भारतातील प्रवाशाची स्थिती याच्या उलट आहे. सेवा मिळाली नाही म्हणून कार्डाचे पैसे परत मागण्याची वाट येथेही आहे. पण ती कार्ड कंपन्यांच्या आपसांतील नियमांतून निघालेली आहे, ७५ व्या कलमासारखा वैधानिक हक्क तिच्यामागे नाही.

नियमच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्डाने थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत देण्याचे बंधन नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने घातले होते. दलालामार्फत काढलेल्या तिकिटाची मुदत मात्र तीस कामकाजी दिवसांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात ही मुदत २१ कामकाजी दिवसांवर आणण्याचे आणि तिकीट काढल्यावर ४८ तासांत ते विनाशुल्क बदलण्याची वा रद्द करण्याची मुभा देण्याचे प्रस्ताव होते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी टाळेबंदीतील तिकिटांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. परंतु आदेश आणि अंमल यांतील अंतर किती असते? 'यात्रा' या तिकीटविक्री कंपनीकडे २०२१ मध्ये अशा ३६,२७६ तिकीट-नोंदींचे सव्वासव्वीस कोटी रुपये थकलेले होते. जून २०२४ मध्ये, म्हणजे न्यायालयाच्या आदेशास पावणेचार वर्षे होत असताना, त्यांतील ४,८३७ नोंदींचे अडीच कोटी रुपये अद्याप शिल्लक होते आणि त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वेगळा आदेश काढावा लागला. उलट डिसेंबर २०२५ मध्ये 'इंडिगो'ची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा केंद्र सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परतावे पूर्ण करण्याची तंबी दिली आणि शेकडो कोटी रुपये काही दिवसांत परत गेले. मन वळले तर यंत्रणा हलते, हे यातून दिसते. मात्र 'इंडिगो' चालू कंपनी होती. बुडालेल्या कंपनीला तंबी देऊन उपयोग नसतो.

म्हणून परताव्याच्या मुदती कमी करण्याने अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम कसे करावे, याचे धडे आपल्याच व्यवहारात सापडतात. कल्याण-डोंबिवलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेणाऱ्याने दिलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरवर घातले. सहकारी बँक बुडाली तर २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. घर घेणाऱ्याला स्वतंत्र खाते, ठेवीदाराला विमा; आगाऊ पैसे देणाऱ्या विमानप्रवाशाला मात्र दोन्ही नाही. हा भेद कोणत्या तत्त्वावर टिकतो?

यावर विमान कंपन्यांचे म्हणणे असे की, तिकिटाच्या आगाऊ पैशांवरच त्यांचे खेळते भांडवल चालते. ते गोठवले तर लहान कंपन्या उभ्याच राहणार नाहीत आणि बाजार एक-दोन बड्यांच्या हाती जाईल. या युक्तिवादात तथ्य आहे. साठ टक्क्यांहून अधिक बाजार एकाच कंपनीकडे असल्यावर काय घडते, ते डिसेंबर २०२५ ने दाखवून दिलेच आहे. परंतु त्यासाठी सर्व रक्कम गोठवण्याची गरज नाही. दर तिकिटामागे केवळ दहा रुपये बाजूला काढले, तरी वर्षाला १६० कोटींहून अधिक रुपयांचा राखीव निधी उभा राहतो. हे दहा रुपये नव्याने घेण्याचेही कारण नाही. आज घेतल्या जाणाऱ्या सुविधा शुल्कातूनच ते वळते करता येतील. ज्या शुल्काला आज केवळ नाव आहे, त्याला मग काही अर्थही येईल. याच्या जोडीला पहिल्या पायरीवरच पूर्ण किंमत दाखवण्याचे आणि उड्डाण कंपनीने रद्द केल्यास हे शुल्कही परत करण्याचे बंधन हवे. किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या क्लृप्तीला ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवलेच आहे; प्रश्न अंमलाचा आहे.

तोपर्यंत प्रवाशाने आपले हक्क ओळखून वागणे एवढेच हाती राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा अधिकार दिला आहे. कंपनीचे कार्यालय दिल्लीस असले तरी ठाणे जिल्ह्यातील रहिवाशाला दिल्लीस जावे लागत नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्कही नाही. महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीने, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी, हा हक्क मिळावा म्हणून दीर्घकाळ झगडा केला आहे. तथापि वैयक्तिक तक्रार ही बुडीत कंपनीपुढे दुबळीच ठरते. प्रवाशाकडून कर्ज घेण्याची मुभा विमान कंपन्यांना द्यायची असेल, तर त्या कर्जाला तारण देण्याचे बंधनही सरकारने त्यांच्यावर घातले पाहिजे. पुढची कंपनी बुडण्यापूर्वी ते घातले, तरच त्याचा उपयोग आहे.