सामना कोणाबरोबर?

माहुली किल्ल्याच्या पायथ्याचे शहापूर आणि माळशेज घाटाच्या वाटेवरचे मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके. दोन्हीकडे भातशेती आणि डोंगर. कबड्डी व खो-खो खेळणारी मुले-मुलीही दोन्हीकडे भरपूर. दरवर्षी येथे शालेय क्रीडास्पर्धा होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे त्यांचे वयोगट असतात. शेवटच्या गटात कनिष्ठ महाविद्यालयांचे खेळाडूही येतात. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो, जिल्ह्यात जिंकलेला विभागाला आणि तेथून राज्याला.

खेळ मैदानावर जिंकला जातो, त्याचा नकाशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि मोठा आहे. आपला संघ कोणत्या गटात येतो, यावर तो कोणाशी खेळणार, किती लांब जाणार आणि राज्यपातळीपर्यंत किती सामने जिंकावे लागणार हे ठरते. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण स्पर्धेची पातळी पाहून दिले जातात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. तेथेही वरच्या पातळीवरचे यश पाहतात. गटाची रेघ थोडी इकडे-तिकडे सरकली, तर एखाद्या मुलीचे पुढचे आयुष्य बदलू शकते.

अशी एक मोठी रेघ १ ऑगस्ट २०१४ रोजी ओढली गेली. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. पंधरा तालुक्यांपैकी आठ तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले आणि ठाण्याकडे सात राहिले. वाडा आणि मोखाडा हे शहापूरला लागून असलेले तालुके. तेथली मुले एका दिवसात दुसऱ्या जिल्ह्याची झाली. शिवाय शालेय स्पर्धांत महानगरपालिकेचे क्षेत्र वेगळ्या जिल्ह्यासारखे धरतात. ठाणे जिल्ह्यात आज सहा महानगरपालिका आहेत. त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबई येथील शाळांशी मुरबाडच्या संघाची गाठ पडते, ती विभागाच्या पातळीवर.

ही व्यवस्था मला योग्य वाटते. बलवान संघाशी खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही, हे खरे. पण ज्या शाळेला धड सपाट मैदान नाही, तिला पहिल्याच फेरीत शहरातल्या तयार संघापुढे उभे केले, तर ती शिकणार काय? आधी आपल्यासारख्यांशी चार सामने खेळू द्यावेत.

गट कोणत्या पायावर आखावा, हा प्रश्न जुना आहे. मुंबईत १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू अशा तीन संघांचे तिरंगी क्रिकेट सामने सुरू झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, तेव्हा ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये उरलेल्यांचा पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी म्हणून गाजले. संघ वाढत गेले, गर्दीही लोटत असे. पण धर्मावरून केलेले हे गट गांधीजींना मान्य नव्हते, आणि १९४० मध्ये त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. १९४६ मध्ये हे सामने बंद पडले. प्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली होती. ती आजही चालू आहे.

पैशाच्या पायावर गट आखले की काय होते, ते अमेरिकेत पाहावे. तेथील विद्यापीठे पूर्वी बहुधा आपापल्या भागातल्या गटात खेळत. दूरचित्रवाणीवरून मिळणाऱ्या पैशासाठी त्यांनी गट बदलले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे २०२४ मध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात गेली. स्वतः मात्र ती पॅसिफिक महासागराजवळ आहेत! पैसा मुख्यतः तेथील फुटबॉलमुळे येतो. पण देश ओलांडून जाण्याची पाळी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींवरही येते. अभ्यास विमानात करायचा.

आपल्याकडे विमान नाही, एसटी आहे. शहापूरला जवळच आसनगाव स्टेशन आहे. मुरबाडला रेल्वे नाही. जिल्ह्याची स्पर्धा दूर ठेवली, तर खेड्यातला संघ पहाटे निघतो. बाद पद्धतीत पहिला सामना हरला की सारे संपले. अर्ध्या-पाऊण तासाच्या खेळासाठी दिवसभराचा प्रवास आणि खर्च. मुलगी अंधार पडण्यापूर्वी घरी येईल ना, ही आईबापांची काळजी वेगळीच. चांगल्या खेळाडू मुली या कारणानेच घरी राहतात, असे मला वाटते.

म्हणून शहापूर आणि मुरबाड यांनी जिल्ह्याच्या स्पर्धेआधी आपसात साखळी सामने ठेवावेत. त्यासाठी कोणतीही रेघ बदलावी लागत नाही. शहापूर तालुक्यातील किन्हवली आणि मुरबाड तालुक्यातील सरळगाव ही गावे दोन्हीकडच्या मुलांना सोयीची आहेत. एक वर्ष येथे, एक वर्ष तेथे सामने घ्यावेत. साखळीत हरलेल्या संघालाही पुढचा सामना मिळतो. भाताची कापणी सुरू होण्यापूर्वीचे दोन शनिवार त्यासाठी पुरतील, आणि शेवटची एसटी सुटण्याआधी मुले आपापल्या गावी पोहोचतील.